डिस्पोजलच्या गाडीचा जोड

काउंटरवरची धूळ आधी आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसायची, मग पोत्यातून फडक्यात बांधलेलं दात्यांचं लोखंडी चाक काढायचं, ते आवाज न करता समोर ठेवायचं आणि म्हणायचं, "जोड बघा, भाऊ."

परभणीत मोटारींच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं आणि मी त्याच्या काउंटरवर बसायचो. सत्तरच्या पुढची ती वर्षं. गिऱ्हाईक आलं की पार्टचं नाव सांगतं, नाव येत नसेल तर तुटका तुकडा पुढे करतं. जोड मागणारे हे एकटेच. जोड बैलाला बघतात, नाहीतर पोरीला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, आणि त्यांची पाठ वळली की हसायचो. तुमच्याही माहितीत असं एखादं माणूस असेल. त्याची चेष्टा केल्याशिवाय राहवत नाही आणि ते बाजाराला आलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

मामा येलदरीच्या जलाशयाकाठच्या एका खेड्याचे. फौजेत ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर गावात कुणाच्या बांधावर राबायचं नाही, असं ठरवूनच आले. मिळालेल्या सगळ्या पैशांत लिलावातून फौजेचाच एक जुना ट्रक उचलला. डिस्पोजलची गाडी. टपावर निळा झेंडा, समोर काचेत बाबासाहेबांची तसबीर. या गाडीचा गुण म्हणजे तिची पुढची चाकंही ओढायची. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात माणसाची चप्पल ठेवून घेते, तिथे साध्या ट्रकची काय कथा. पाण्याच्या काठापासून सडकेपर्यंत चिखलातून मासळी काढावी तर मामांनीच. व्यापारी बर्फ घेऊन त्यांची वाट बघत उभे असायचे. मामा ते सांगताना मान जरा वर करायचे.

एकदा ओल्या चढणीवर भरल्या गाडीचा मागचा एक्सल गेला. आतलं मोठं दात्यांचं चाक, त्याला क्राऊन म्हणतात, त्याचे दात उडाले. तेच ते फडक्यातलं चाक.

आमचे शेठ व्यवहारी माणूस. ते म्हणाले, हा माल आता मिळत नाही, साध्या ट्रकचे एक्सल पुढेमागे बसवून टाका आणि सडकेवर भाडं मारा. मामांनी ऐकून घेतलं. शेठ आत गेल्यावर मला हळूच म्हणाले, "सडकंवर चालणाऱ्या गाड्या लय हायत, भाऊ. चिखलातनं येणारी येकच हाय." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्या घरात बैलजोडी कधी न्हवती. आज्याच्या न्हाई, बापाच्या न्हाई. ही पुढची चाकं न् मागची चाकं, ह्योच आमचा पयला जोड. त्यो मोडू म्हंता?"

त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं, असं म्हणणार नाही. कमी केलं.

शेवटी मामा रेल्वेने हैद्राबादला गेले. तिथल्या भंगार बाजारात हिंडले आणि अख्खा मागचा एक्सल घेऊन आले. बैल बाजारात बघतात तसाच त्यांनी तो बघितला होता. लांबी दोरीने मोजली, वरून हात फिरवला, आणि झाकण उघडायला लावून आतल्या मोठ्या चाकाचे दात स्वतः मोजले. जुन्याचे जेवढे तेवढेच नव्याचे. एक्सल बसवून ट्रक थेट दुकानासमोर आणला. पेढेही आणले होते. शेठनेही दोन खाल्ले.

शेजारच्या गॅरेजचे उस्ताद गाडीखाली शिरले. मग बाहेर आले आणि पुढची चाकं ओढीला लावून मामांना गाडी चालवायला सांगितली. कोरड्या जमिनीवर ती थोडी सरकली आणि कण्हायला लागली, जणू कुणीतरी तिला मागे धरून ठेवतंय. उस्ताद हात पुसत म्हणाले, "मामा, अगला एक बात बोलरा, पिछला दुसरी."

भानगड अशी होती. मोठ्या चाकाला फिरवणारं एक लहान चाक असतं, पिनियन. ते आत दडलेलं असतं. त्याचा एक दात कमीजास्त असला तरी चाकांचा वेग बदलतो, आणि मग पुढची चाकं एका चालीने निघतात, मागची दुसऱ्या. मामांनी मोठ्याचे दात मोजले होते. लहानाचे बघितलेच नव्हते.

मामांनी वाकून गाडीखाली बघितलं. मग स्वतःच हसले. "बैलाचे दात बघाया तोंड उघडत्यात. म्या ह्याचं तोंड निम्मंच उघडलं."

पेढ्यांचा पुडा अजून काउंटरवर उघडा होता. मला फार वाईट वाटलं.

उस्तादांनी बजावून सांगितलं. निव्वळ चिखलात चाकं घसरतात, तिथे हा फरक जिरून जाईल; पण टणक जमिनीवर पुढची चाकं ओढीला लावली तर मधला गिअरबॉक्स फुटेल. खरा उपाय एकच, जुन्याच मापाचा क्राऊन आणि पिनियन. तो शोधायचं मी कबूल केलं. तोवर मामा जपून गाडी चालवू लागले. चिखल आला की पुढची चाकं ओढीला लावायची, कडक जमीन आली की सोडायची.

पण चिखलाखाली काय आहे ते वरून कुणाला दिसतं? जलाशयाच्या पोटात, पाणी ओसरलेल्या जागी, मऊ गाळाखाली खडक निघाला. गिअरबॉक्स फुटला. भरली गाडी तिथेच बसली. वर पाऊस चालू, पाणी चढायला लागलेलं. मामांनी गावातल्या शेतकऱ्यांच्या दोन बैलजोड्या मागून आणल्या. बैल गुडघ्यापर्यंत रुतले, गाडी हलली नाही. मासळी तिथेच नासली. पुढे दिवसागणिक पाणी चढत गेलं. आधी चाकं गेली, मग काच, शेवटी टप. झेंडा तेवढा मामांनी आधीच काढून आणला होता.

हे सगळं त्यांनी मला काउंटरवर सांगितलं. सांगून झाल्यावर बाहीने धूळ पुसली आणि फडकं सोडलं. "जोड बघा, भाऊ."

मी म्हणालो, मामा, आता कशाला. ते म्हणाले, "पानी काय, उतरतंय."

पाणी उतरायचं, पण ट्रक उघडा पडेल इतकं नाही. मासळीला एका व्यापाऱ्याने ट्रॅक्टर आणला. मामा सडकेच्या खडीकामाला जाऊ लागले, तरी बाजारच्या दिवशी पोतं घेऊन यायचेच. शेठ त्यांना चहा द्यायला सांगत आणि आत निघून जात. आता दुकानात कुणी हसत नव्हतं.

आणि एकदा शेठने भंगारात उचललेल्या जुन्या मालात मला तो जोड सापडला. क्राऊन आणि पिनियन, दोन्ही. मामांनी दुकानाच्या पायरीवर बसून आधी लहानाचे दात मोजले, मग मोठ्याचे. पुन्हा एकदा मोजले. "झाला जोड," म्हणाले. फडक्यात बांधून घेऊन गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. यायचं कारणच उरलं नव्हतं.

बऱ्याच काळाने जिंतूरकडे वसुलीला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. मामा आदल्या हिवाळ्यातच वारले होते. मामींनी पाणी दिलं. दाराच्या एका अंगाला जुना, दात उडालेला क्राऊन जमिनीवर ठेवून त्यावर माठ बसवला होता. माठाला तो अगदी नेमका बसला होता. दुसऱ्या अंगाला नवा क्राऊन, त्याच्या पोटात पिनियन, वर ते फडकं.

मी म्हणालो, मामी, याच्यावरही एखादा माठ ठेवायचा.

"न्हाई, भाऊ," मामी म्हणाल्या. "ह्याला गंजू द्यायचं न्हाई म्हनले हुते. गाडी निघाली की लागंल."

मी फडकं उचलून बोट लावलं. तेल ताजं होतं.