कोरड्या तळ्यातला गळ

मासेमारी मी लातूरला शिकलो, आणि तीही नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नव्हतं त्या वर्षी. यात हसण्यासारखं बरंच आहे, आणि मित्रांत मी ही गोष्ट हसतहसतच सांगत आलो. फक्त अर्धी सांगत आलो. उरलेल्या अर्ध्या गोष्टीची लाज वाटायची, अजूनही वाटते. पण आता वय असं झालंय की ती झाकून ठेवण्यातही काही राम उरला नाही.

जिल्हा नवा होता. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत, खुर्च्या माणसांपेक्षा कमी, फायली गोणपाटात बांधून आलेल्या. मी टंचाई शाखेत कारकून होतो. कुठल्या गावाला टँकर, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, याच्या याद्या दिवसभर करायच्या. आमचे साहेब कोकणातले, खाडीकाठच्या गावचे. इथल्या कोरड्या हवेला ते इतके वैतागले होते की दुपारी डबा उघडला की समुद्र सुरू. त्यांचा भाऊ जहाजावर नोकरीला होता. त्यानं परदेशातून आणलेली मासे धरायची एक काठी साहेबांनी बदलीच्या सामानातून इथवर आणली होती. चार तुकड्यांची, जोडली की दीड पुरुष लांब, शेंड्याला वेतासारखी लवणारी. तिच्या गळाला किडा नाही, कणीक नाही. कोंबड्याची पिसं गळाला दोऱ्यानं अशी बांधायची की पाण्यात ती छोट्या मासळीसारखी दिसावीत. वजन असतं ते दोरीला. ती आधी डोक्यावरून मागं फेकायची, मागं ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मग पुढं.

साहेबांनी क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत एकदा ती फेकून दाखवली. दोरी हवेत उलगडत गेली आणि तिचं टोक समोरच्या बाभळीखाली अलगद जाऊन बसलं. मी खुळावलोच. आयुष्यात इतकी निरुपयोगी आणि इतकी देखणी गोष्ट मी पाहिली नव्हती.

अडचण एकच होती. मी लिंगायताच्या घरातला. अहमदपूरला वडिलांचं भुसाराचं दुकान, गळ्यात लिंग, आणि जेवताना कुणी माशाचं नुसतं नाव काढलं तरी आई ताट बाजूला सारणारी.

साहेब म्हणाले, "मे महिन्यात रजा काढ आणि माझ्या गावी चल. खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहू. पकड तू, खातो मी. पाप निम्मं निम्मं. पण आधी फेकायला शीक. त्याला पाणी लागत नाही."

तेवढं मला पुरलं. काठी कापडी पिशवीत घालून मी शनिवारी घरी नेली. आईनं विचारलं, हे काय? म्हटलं, ऑफिसची मोजणीची काठी. आईनं ती कौतुकानं देव्हाऱ्याशेजारी उभी केली. मला खरं तर तिथंच शरमायला हवं होतं, पण तेव्हा उलट आपण किती हुशार असंच वाटलं.

लातुरात सराव करणं शक्य नव्हतं, अहमदपुरात तर नाहीच. म्हणून रविवारी दुपारी परतताना मी एस. टी. मधेच एका फाट्यावर सोडायचो. तिथून कोसभर आत एक पाझर तलाव होता. होता म्हणजे बांध होता. पाणी दिवाळीतच संपलं होतं आणि तळाच्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गळाच्या जागी तांबड्या लोकरीचा गोंडा बांधून मी त्या भेगांवर दोरी फेकत राहायचो. थांबणं मला जमत नसे. दोरी मागं सरळ व्हायच्या आत मी हात पुढं आणायचो आणि सगळा गुंता माझ्याच टोपीवर पडायचा. मग स्वतःला मनसोक्त शिव्या द्यायच्या आणि गुंता सोडवत बसायचं. एकदा मात्र दोरी सरळ गेली, गोंडा लांब जाऊन पडला आणि मी एकटाच "वाहवा!" म्हणून ओरडलो.

मी एकटा नव्हतो. बांधावर एक नवराबायको उभे होते. दोघंही चाळिशी ओलांडलेली. तलावाला लागूनच त्यांचं शेत होतं. ते कधीपासून बघत होते कुणास ठाऊक. नवरा चपला काढून खाली उतरला.

"रामराम साहेब. पाणी बघून राहिलात का?"

त्या काळात गावोगाव पाणाडे फिरत होते. कुणी नारळ घेऊन, कुणी कडुनिंबाची दुबेळकी फांदी घेऊन जमिनीतलं पाणी सांगायचा. पँट घातलेला माणूस लांब काठी फिरवतोय आणि मधेच खूश होऊन ओरडतोय, हे बघून त्या बिचाऱ्याला दुसरं काय वाटणार? मी सांगायला तोंड उघडलं की मामा, मी मासे धरायला शिकतोय. पण पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसापुढं, कोरड्या तळ्यात, लिंगायताच्या पोरानं हे कोणत्या तोंडानं सांगावं? शिवाय घरी सांगितलेलं खोटं जिभेवर तयारच होतं.

"ऑफिसचं काम आहे," मी म्हणालो. "टंचाई शाखेत असतो मी."

"मंग हितं हाय म्हणता?" त्यानं गोंडा पडला होता तिकडं बोट दाखवलं. तलाव संपून त्याच्या शेताची कड सुरू होत होती, बरोब्बर तिथं.

मी काय म्हणालो ते मला अक्षर न अक्षर आठवतं. मी म्हणालो, "बघा आता."

त्यानं धावत जाऊन तिथं दगड ठेवला. बायको बांधावरूनच म्हणाली, "मी कवापासून सांगून राहिले, नाल्याकडच्या उंबरापाशी खांदा. त्याच्या बुडाशी पाणी असतंय."

"गप ए," नवरा म्हणाला. "साहेब लोकांपुढं आपलं काही तरी."

मी दोरी गुंडाळली आणि निघालो. फाट्यावर बसची वाट बघताना मनाशी म्हटलं, आपण तरी कुठं हो म्हणालो? बसमध्ये बसेपर्यंत स्वतःला ते पटलंही.

पुढच्या रविवारी गेलो तर तिथं कमरेइतका खड्डा होता. नवरा आत टिकाव घालत होता, बायको टोपल्यानं माती वर ओढत होती. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मी खरं सांगायचं ठरवून गेलेलो, ते तिथंच जिरलं. त्यानं वर येऊन मातीचं ढेकूळ माझ्या हातात दिलं. "ओल लागून राहिली का बघा की साहेब." मी ते बोटांनी चुरडलं, वासही घेतला. "अजून थोडं खाली जा," म्हणालो. हे माझ्याच तोंडून निघालं, कुणी माझा गळा धरला नव्हता. बायको टोपलं घेऊन उभी होती. ती माझ्याकडं नाही, माझ्या पिशवीकडं बघत होती.

त्यानंतर मी त्या फाट्यावर उतरणंच बंद केलं. सराव क्वार्टरमागं केला आणि मे महिन्यात साहेबांबरोबर कोकणात गेलो.

समुद्र मी प्रथमच बघत होतो. खाडीच्या तोंडाशी पहाटे आम्ही पाण्यात उतरलो. पाणी कोमट होतं, पायाखालची वाळू सरकत होती, आणि जिकडं बघावं तिकडं पाणी, कुणी मोजत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्या पिसांना एक तांबोशी लागली. काठी कमानीसारखी वाकली, हातातून कळ गेली आणि मी लहान पोरासारखा किंचाळलो. साहेबांनी जाळीत घेतलेला तो लालसर मासा उन्हात तडफडत होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, फार झाला. आणि त्याच क्षणी तो खड्डा डोळ्यांपुढं आला. तो आता किती खोल गेला असेल, आणि ती बाई आता माती किती उंच ओढत असेल? रात्री साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी गळाची पिसं पुसून ठेवली. मग म्हणाले, "जाऊन सांगून टाक रे. मासा गळावर ठेवून निघून येतात का?"

परतल्यावर पहिल्याच रविवारी गेलो. खड्डा अडीच पुरुष खोल झाला होता आणि तळाला काळा खडक लागला होता. खडकावर टिकावाचे पांढरे ओरखडे होते. नवरा गावात सुरुंगवाल्याला विचारायला गेला होता. बायको एकटीच उपसलेल्या मातीच्या ढिगाच्या सावलीला बसली होती. तिच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मावशी, मी पाणाड्या नाही. ही काठी मासे धरायची आहे. मला पाण्यातलं ओ का ठो कळत नाही.

ती दचकली नाही. "ठावं हाय," म्हणाली. "दुसऱ्या रविवारीच कळलं. ढेकळाचा वास घेत असतंय का कुणी तसा?"

"मग तुम्ही मामांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. ऐकतंय कोण? तुम्ही सरकारी माणूस, अन् मी बाई." मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "आता तुम्ही सांगून मोकळं व्हायला आलात. तुम्ही मोकळं व्हाल, साहेब. त्यो मात्र खचल. दोन महिने राबलाय. साऱ्या गावाला सांगून बसलाय, साहेबानं जागा दिली म्हणून. आता गाव हसंल त्याला."

"मग काय करू मी?"

"आणलाय का दांडा?"

आणला होता. साहेबांना परत द्यायचा म्हणून पिशवीत होता.

"त्यो आला की उंबरापाशी फिरवा. म्हणा, वरचं पाणी हटलं, आता हितं हाय. मी सांगून न्हाई ऐकला, तुमच्या दांड्याचं ऐकंल."

मी म्हणालो, हे पुन्हा खोटंच झालं. ती म्हणाली, "हाव. पण ह्या खेपंला माझ्या कामाचं."

नवरा आला. मी काठी जोडली. नाल्याकाठी उंबराखाली उभा राहिलो आणि दोरी मागं फेकली. मागं ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबलो. इतक्या महिन्यांत तशी फेक मला जमली नव्हती. बायकोनं आधीच पायानं रेघ मारून ठेवली होती, गोंडा तिथंच जाऊन पडला. "इथं," मी म्हणालो. आवाज घट्ट ठेवला. नवऱ्यानं वाकून त्या जागेला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

दीड पुरुषावर पाणी लागलं. गढूळ होतं, पण लागलं. नवरा निरोप द्यायला स्वतः लातूरला कचेरीत आला आणि विहिरीच्या पूजेला मला घेऊन गेला. शंभरेक माणूस जमलं होतं. आजूबाजूच्या शेतांत तेवढंच पाणी होतं आणि बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. नवऱ्याला बोलायला उभं केलं. तो लाजला, मग रंगात आला.

"आमची मालकीण पयल्यापासून उंबर उंबर करून राहिली होती," तो म्हणाला. "पण बायकांना काय कळतंय जिमिनीतलं? साहेबानं दांडा फिरवला, तवा कुठं पाणी घावलं."

सगळे हसले. ती बायकांच्या मागं, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. फक्त माझ्याकडं बघत राहिली. आता नवऱ्याला कुणी हसणार नव्हतं. पाणी लागलं होतं, तो खचण्याचा प्रश्न संपला होता. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य शंभर माणसांत फक्त मलाच बोलता येण्यासारखं होतं. जागा हिनं सांगितली, एवढंच.

"सगळी त्याची कृपा," मी वर बोट दाखवून म्हणालो, आणि पुढं केलेला नारळ दोन्ही हातांनी घेतला.