बोटं दिसली पाहिजेत

विठ्ठलवाडीला डेपोजवळच्या एका हॉलमध्ये भाड्याने टेबल मिळतं. मी तिथे बसून सॉफ्टवेअरची कामं करतो. शेजारच्या टेबलावर चाळिशीतल्या एक बाई बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या बहिणीला ऐकू येत नाही. ती स्वतःसारख्याच ऐकू न येणाऱ्या मुलांना हातांच्या खुणांनी गोष्टी सांगते. ते व्हिडिओ मुलांच्या साध्या फोनवर अडकायचे, म्हणून बाई एक ॲप बनवत होत्या. व्हिडिओची फाइल लहान करून देणारी फुकट सेवा शोधताना त्या मेटाकुटीला आल्या होत्या. एक सेवा आपल्या नावाचा शिक्का नेमका हातांवर मारायची, दुसरी थोड्या व्हिडिओंनंतर कार्ड मागायची. बाई चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळायच्या आणि पुढची सेवा उघडायच्या.

मी एकदा म्हटलं, “मॅडम, ही घ्या ना. एकदम फास्ट आहे.”

त्यांनी त्या सेवेतून काढलेला व्हिडिओ दाखवला. “चेहरा छान दिसतो. पण हात हलला की बोटं एकमेकांत मिसळतात. बोटं पुसली गेली की त्यांचा शब्दच गेला हो.”

शेवटी त्यांनी सगळ्यात संथ सेवा निवडली. तिच्यात बोट न् बोट सुटं दिसायचं. पहिली गोष्ट तयार झाल्यावर त्यांनी बहिणीला व्हिडिओ कॉल केला आणि खुणांनी ते सांगितलं. बहिणीने सावकाश उत्तर दिलं.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणते, आज तुझे हात फार दमलेत. घरी ये.”