पदर म्हणजे कड नव्हे

"बाय, तू माझी जमीन डोंगरावरून खाली आनलीस."

वसई कोर्टासमोरच्या माझ्या टेबलापाशी उभ्या राहून द्वारकाबाई म्हणाल्या. चुलत भावाशी त्यांचा दावा चालला होता. अपील मुंबईला हायकोर्टात गेलं, म्हणून जुन्या वाटणीपत्राचं इंग्रजी भाषांतर मी करून दिलं होतं. त्यात त्यांच्या वडिलांच्या वाट्याला 'डोंगराचा पदर' आला होता. मी बिनधास्त लिहिलं, 'एज ऑफ द हिल'. पदर म्हणजे साडीचं टोक, म्हणजेच कड. दादरला वाढलेल्या मला दुसरं काय सुचणार?

चुलत भावाच्या वकिलाचं आयतंच फावलं. डोंगराची कड म्हणजे पायथा, असं त्याने सांगितलं. पायथ्याला तर आता चाळी आहेत. म्हणजे वरची आंब्याची वाडी द्वारकाबाईंची नव्हेच.

"मग पदर म्हणजे काय, मावशी?"

"डोंगर चढताना मधी सपाटी लागते ना, तो पदर. तिथं पानी थांबतं. म्हनून तर आंबे झाले."

माझ्या एका शब्दापायी बाईंची वाडी जात होती. पण पक्षकाराच्या तोंडचा अर्थ कोर्ट कसा मानणार? मी त्यांच्या वकिलांकडे पूर्ण वाटणीपत्र मागितलं. त्यांनी मला एकच पान दिलं होतं, आणि मीही गुमान तेवढंच केलं होतं.

दुसरं पान वाचलं आणि मी टेबलावर थाप मारली. माथा थोरल्या भावाला, पदर मधल्याला, पायथा धाकट्याला. मधले म्हणजे द्वारकाबाईंचे वडील. धाकटे म्हणजे त्या चुलत भावाचे. त्यांनी आपला पायथा कधीच विकला होता, आता मुलाचा डोळा पदरावर होता.

मी नवं भाषांतर केलं. या वेळी 'पदर' तसाच ठेवला आणि खाली टीप दिली: डोंगराच्या मध्यावरची सपाटी.

वकील कुरकुरले. "मॅडम, स्वतःची चूक ॲफिडेव्हिटवर लिहून देणार? उद्या काम कोण देईल?"

"वाडी गेली तर मला झोप कोण देईल?" मी म्हटलं आणि सही केली.

द्वारकाबाई जिंकल्या. इंग्रजी निकालात न्यायाधीशांनी 'पदर' हाच शब्द वापरला, तोही चार वेळा. मी मोजले. मे महिन्यात माझ्या टेबलावर आंब्यांची करंडी आली.

आता कुणी एकच पान घेऊन आलं, की मी त्याला पाणी देते आणि उरलेली पानं आणायला परत पाठवते.