सिरोंच्याचा कलमी आंबा आणि फळ न देणारा फाटा

सिरोंच्याला जायचं ठरलं ते एका पोस्टकार्डामुळे. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मास्तरीण होते. वय बावीस. सिरोंच्याच्या शाळेतल्या बाईंनी लिहिलं होतं, 'शांतम्मा तीन महिने उपासनेला आली नाही. ईस्टरच्या प्रभुभोजनालाही येणार नाही म्हणते.'

शांतम्मा तिथल्या मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायची. आईवडील पटकीत गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. कुणीतरी मला तिच्या चुलीपाशी आणून बसवलं आणि मी तिथंच वाढले. तिला मूलबाळ नव्हतं. आणि घोटाळा तिथंच झाला होता. एका पाहुण्या उपदेशकानं बायबलातला द्राक्षवेलीचा उतारा घेतला: जो फाटा फळ देत नाही तो छाटतात, वाळला की आगीत टाकतात. तो फाटा म्हणजे आपणच, असं शांतम्मानं धरलं आणि ती उठून घरी गेली.

उपदेशकाचा राग आला, पण त्याहून जास्त माझा मलाच आला. दोन वर्षं मी तिच्याकडे फिरकले नव्हते.

आज तुम्ही आष्टी, आलापल्ली करत एसटीनं एका दिवसात पोचाल. पुढचा रस्ता कंबरडं मोडतो. पाणी आणि दशम्या जवळ ठेवा. मला तेव्हा दोन दिवस लागले. आष्टीला मोटार सोडून वैनगंगा डोंग्यातून ओलांडायची, पलीकडे दुसऱ्या मोटारीची वाट बघायची. मोहाच्या फुलांचा वास इतका, की डोकं जड व्हावं. शेजारी बसलेल्या बाईनं मला फुटाणे दिले आणि चौकशी सुरू केली.

"कुठी चालली वो, एकटीच?"

"सिरोंच्याला. अम्माकडे."

"अम्मा तेलंगी अन् तू मराठी? मंग कोनाची वो तू?"

"मी बोर्डिंगातली," मी म्हणाले. लहानपणापासून हेच उत्तर देत आले होते.

आलापल्लीच्या मुक्कामात मी उतारा घोकला. फळ म्हणजे मूल नव्हे. पुढच्या ओळींत एकमेकांवर प्रेम करा एवढंच तर सांगितलंय. वेल, फाटे, रस, सगळं पाठ. दुसऱ्या दिवशी मोटारीतून जंगलखात्याची माणसं दिसली, सागावर चढलेल्या वेली कोयत्यानं बुडाशी तोडत होती. मी आपली घोकतच होते.

सिरोंच्याला पोचले तसं शांतम्मानं गोदावरीच्या माशाचं कालवण आणि भात वाढला. किती वाळलीस, म्हणून रागावली. जेवण झाल्यावर ती सुपात तांदूळ घेऊन बसली आणि मी माझं प्रवचन काढलं. प्रभू वेल आहे, आपण तिला बिलगून राहायचं, वगैरे. तिनं तांदूळ निवडत ऐकलं.

"बिड्डा," ती म्हणाली. लाडात आली की ती मला तेलुगूत असंच म्हणायची, लेकरा. "द्राक्षं मी पाह्यली नाई. वेल पाह्यली. वेल झाडाले गळफास घालते. तिले बिलगून राह्यचं काऊन?"

झालं! दोन दिवस घोकलेलं सगळं मुसळ केरात. चांद्याच्या मास्तरणीनं तरी द्राक्षाची वेल कुठे पाहिली होती? अंगणात तिचा आंबा कैऱ्यांनी लगडला होता. उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "याचं कलम तूच केलंस ना?"

ती खुलली. "गावठी कोयीचं रोप कुंडीत लावलं. बागवानाच्या झाडापाशी मचान बांधून त्याच्यावर ठेवलं. झाडाची फांदी न तोडता दोघायले तासून बांधलं. जीव धरला, मंग फांदी तिकडून कापली."

"कापली?"

"कापल्याबिगर ते इथलं कसं होईन?"

बोलता बोलता तिचा हात सुपात थांबला. मग मी विचारलं, "या कैऱ्या कुणाच्या, अम्मा? फांदीच्या की मुळाच्या?"

"पानी तं मुळाचंच पेते ना ते."

"आणि मी कुणाचं प्यायले?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग "चूल इझली वाटते" म्हणत आत गेली. चूल चांगली ढणढणत होती, मला बसल्या जागेवरून दिसत होती.

ईस्टरच्या सकाळी ती धुवट पांढरं लुगडं नेसून माझ्या पुढे चालत मिशनच्या देवळात गेली, पहिल्या रांगेत बसली. प्रभुभोजनाचा पेला तिच्या हातात आला तेव्हा मला रडू आवरलं नाही. आवरायचा प्रयत्नही केला नाही.

पुढे खूप वाचलं. बायबलातल्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रातली, चांगल्या जैतुनाच्या झाडावर कलम केलेली रानटी फांदीही भेटली, आणि ती लगेच ओळखीची वाटली. माझा अर्थ पंडितांना पटेल की नाही, कोण जाणे. मला मिळालं त्याबद्दल देवाचे आभार मानायला तो पुरतो.

परतताना तिनं पिशवीभर कैऱ्या दिल्या. चांद्याला लोणच्यासाठी फोडायला बसले तर शेजारीण डोकावली. "कुठच्या वो कैऱ्या?"

"माझ्या आईच्या अंगणातल्या," मी म्हणाले.