पोचपावती न मागणारा पंप

ऑफिसात त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे नाकमुरडे. दुसऱ्याच्या कीबोर्डाला हात लावायचा तर ते आधी रुमाल काढत. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचताना तर नासकं दूध हुंगल्यासारखा चेहरा होई. "हे माणसानं लिहिलंय की कीबोर्डावरून मांजर चाललंय?" एवढं म्हणून सरळ खोडत. कुणी "चालतंय ना, मग झालं" म्हणालं की त्यांना शिसारी येई.

तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हर लिहिले. लग्नात सासूबाईंना वाटलं होतं, जावई गाडी चालवतो. हा ड्रायव्हर म्हणजे संगणकाचा गाभा, ज्याला ही मंडळी कर्नल म्हणतात, आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्यातला मध्यस्थ. या खेपेचं यंत्र होतं दवाखान्यातला पंप, रोग्याच्या शिरेत थेंबाथेंबानं औषध सोडणारा. खरा पंप अजून तयार व्हायचा होता, म्हणून त्याची नक्कल संगणकातच उभी केली होती, हुबेहूब पंपासारखं वागणारा एक प्रोग्रॅम. ड्रायव्हर काकांचा, नक्कलही काकांचीच. दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता.

शुक्रवारी दवाखान्याच्या इंजिनिअर बाई पाहणीला येणार होत्या. चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. गुरुवारी काका निवांत जेवायला बसले, तर वॉर्डात नर्स असलेली बायको कपाळ चोळत समोर येऊन बसली.

"काय गं, काय झालं?"

"अहो, ते पंप! दिवसभर केकाटतात मेले. जवळ जाऊन बटण दाबेपर्यंत गप्प म्हणून बसत नाहीत."

"आपोआप गप्प बसणारा करू का एक?"

"करा की! आणि पहिला तुम्हालाच लावा. कुणी ऐकलंच नाही तर? उत्तर मिळायच्या आधीच गप्प बसला तर तो पंप कसला, तो नवराच."

काका हसले, घास उचलला आणि तो तोंडापाशीच थांबला.

खरा पंप एक माप औषध सोडलं की संगणकाला हाक मारतो. ड्रायव्हरनं 'पोचली' असं उलट कळवायचं. ती पोचपावती मिळेपर्यंत हाक चालूच राहते. आपल्या ड्रायव्हरमध्ये ही पोचपावती आहे कुठे? आठवेना. आणि आपली नक्कल तर एकदाच हाक मारून आपणहून गप्प होते.

घास ताटात परत गेला.

सकाळी ऑफिस उघडताच त्यांनी नकलेतल्या जुन्या बदलांची यादी उघडली. प्रत्येक बदलाशी नाव, तारीख आणि कारण लिहिलेलं असतं. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद सापडली: 'नक्कल फार ओरडते, ड्रायव्हर अडकतो. तात्पुरती गप्प केली.' नाव त्यांचंच. त्या दिवशी मान आखडली होती, घरी जायची घाई होती, आणि मनात एवढंच आलं होतं की चूक नकलेतच असणार. माझा ड्रायव्हर कसा चुकेल?

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर काकांनी त्याला चारचौघांत सोलून काढलं असतं. स्वतःची ती ओळ वाचून तोंडाला कडू पाणी सुटलं. ते बेसिनपाशी गेले, चूळ भरली, आरशाकडे न बघता परतले आणि मॅनेजरला जाऊन सगळं सांगितलं.

"आजचा दिवस राहू द्या काका," मॅनेजर म्हणाला. "सगळं हिरवं दिसतंय ना?"

"खऱ्या पंपावर पहिल्याच हाकेला संगणक अडकेल. पुढचं औषध सुटणार नाही."

"खरा पंप यायला दोन महिने आहेत. तोवर गुपचूप ती पोचपावतीची एक ओळ घाला."

"एक ओळ नाही. त्या गप्प पंपावर तीन आठवडे इमला चढवलाय. पंधरा दिवस लागतील."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, काका."

"वास येतोय मुठीला."

काका जागेवर आले आणि तो बदल काढून टाकला. साठातल्या एकेचाळीस चाचण्या लाल झाल्या.

बाई आल्या. पडदा बघून मॅनेजर घाईनं म्हणाला, "जरा तांत्रिक अडचण—"

"अडचण कसली," काका म्हणाले. "चुकला ड्रायव्हर, आणि मी पंप बदलला."

बाई लाल पडद्याकडे वळल्या. "म्हणजे ताप उतरेना म्हणून थर्मामीटर बदललात."

"हो."

"पकडलं कुणी?"

"बायकोनं."

मॅनेजरला खोकला आला. बाई मात्र हसल्या नाहीत. "पंधरा दिवसांनी येते. पण आता नक्कल दुसऱ्या कुणीतरी लिहायची, पंपाचं पुस्तक वाचून. तुमचा ड्रायव्हर न बघता."

काम शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे गेलं. काका पुस्तक घेऊन तिच्यापाशी गेले. मान वर होत नव्हती.

"माझी नक्कल उघडूसुद्धा नकोस. घाण आहे नुसती."

"माहितीये काका. तो बदल मी तेव्हाच बघितला होता."

"मग बोलायला काय झालं होतं तुला?"

"तुम्हाला?" ती म्हणाली, आणि पुस्तक उघडून वाचायला लागली.