डांबरकाकांचं छप्पर

घरामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांवर सिमेंटचे पत्रे होते आणि त्या पत्र्यांवर डांबरकाकांचा जीव होता. सगळी नोकरी बसडेपोत मेकॅनिक म्हणून झालेली. बिघडलेली वस्तू टाकून देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दर उन्हाळा सरता सरता ते जुनी पँट चढवत, डांबराचा डबा गरम करत आणि शिडीने वर जात. चीर दिसली की गोणपाटाची पट्टी, वर डांबर. गल्लीने त्यांचं बारसं केलं ते त्यावरूनच.

"छपरावर पत्रा कमी नि डांबर जास्त झालंय," काकू म्हणत.

"भाडेकरूंची एक तरी तक्रार आहे का?" काका विचारत.

तक्रार खरंच नव्हती. खोल्यांत एक शिंपीण आणि तिचा नवरा राहत. नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला जाई. दोघंही मऊ बोलणारी, दिसली की हसणारी. त्यामुळे काकूंचं बोलणं तिथेच खुंटे.

त्या वर्षी काका नेहमीसारखे वर गेले. पाय वाशाच्या रेषेत ठेवायचा, मधे नाही, हे ते जगाला शिकवत. पण डबा उचलताना तोल गेला, पाऊल मधे पडलं आणि कडाड आवाज करत त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

खाली शिंपीण शर्टाची कॉलर शिवत होती. आधी धूळ पडली, मग एक चप्पल. तिने वर पाहिलं, तर छतातून पाय लोंबत होता.

"काका, हलू नका!"

"मी कुठे हलतोय!" वरून आवाज आला.

तिने कापड कापायचं टेबल ओढून पायाखाली सरकवलं आणि काकांना टेकू मिळाला. नवरा नुकताच बेकरीतून आला होता. पिठाच्या हातांनीच तो शिडी चढला आणि त्याने त्यांना बाहेर काढलं. नडगी सोलवटली होती, घोटा सुजला होता. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे.

"हाड शाबूत आहे," काकूंनी घरी आल्यावर सांगितलं, "अक्कल तपासायची राहिली." आणि मग पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत काका भोक आतून बघायला गेले. एरवी ते दारातूनच बोलून परतायचे. आज आत पाऊल टाकलं आणि थबकले. पलंग भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध. शिवणयंत्र विटांवर चढवलेलं. गिऱ्हाइकांचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधलेले. भिंतींवर ओलीचे जुने डाग, एकावर एक.

"हे असं का?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने मान खाली घातली. शिंपीण म्हणाली, "गळतं, काका. आम्ही आलो त्या वर्षापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"एकदा सांगितलं होतं. तुम्ही भर पावसात वर चढलात. काकू खाली शिडी धरून रडत होत्या. तेव्हाच आम्ही ठरवलं, पुन्हा बोलायचं नाही. गळतीखाली बादली ठेवता येते हो. तुम्ही पडला असतात तर काय करणार होतो?"

काकांनी भिंतीवरच्या डागांवरून हात फिरवला. कुणी तक्रार करत नाही, म्हणजे आपलं काम पक्कं, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. आणि ही दोघं त्यांचा जीव सांभाळत भिजत राहिली होती. घरी येऊन ते काकूंना एवढंच म्हणाले, "पत्रेवाल्याला बोलव."

पत्रेवाल्याने वर जाऊन ठोकून पाहिलं. "काका, आता ठिगळ पुरे. दोन वासेही कुजलेत. सगळं उतरवू आणि उतार वाढवू, म्हणजे पाणी थांबणारच नाही."

काम होईपर्यंत भाडेकरूंचा मुक्काम काकांच्या पुढच्या खोलीत. शिवणयंत्र खिडकीशी बसलं. काकू दुपारी शेजारी बसून काज करायला शिकल्या आणि चार काजं वाकडी केल्यावर पाचवं सरळ आलं म्हणून सगळ्यांना दाखवत फिरल्या. काका अंगणात खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून, वरच्यांना सूचना देत.

"काका," पत्रेवाला शेवटी म्हणाला, "तुम्ही बस दुरुस्त करताना प्रवासी मधे बोलायचे का?"

"बोलायचे की."

"मग तुम्ही काय करायचात?"

"ऐकायचो नाही."

"मीही तेच करतोय."

काका आधी रागावले, मग हसले आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.

नवे वासे आले. निळे पत्रे एकमेकांवर हातभर चढवून बसवले, प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती. कडेने पन्हळ लागली. शेवटी पत्रेवाल्याने वरून नळीने पाणी सोडलं आणि काका आत मान वर करून उभे राहिले. मान दुखली, तरी हलले नाहीत.

"अजून सोड!"

"काका, टाकी रिकामी झाली!"

थेंब पडला नव्हता. काकांनी हाताने भिंत चाचपून पाहिली. कोरडी.

भाडेकरू परत गेल्यावर काही दिवसांनी शिंपीण दारात येऊन उभी राहिली. "काका, आईला आणली तर चालेल? एकटीच असते. इतकी वर्षं तिला निजवायला कोरडा कोपरा नव्हता, म्हणून म्हटलंच नाही कधी."

"विचारतेस काय? आण की!"

म्हातारी आली ती धो धो पावसात, एक ट्रंक आणि बांधलेली गादी घेऊन. कोपऱ्यात गादी पसरली, टेकून बसली, आणि दारात उभ्या असलेल्या काकांकडे बघत म्हणाली, "घरमालक ना तुम्ही? या भिंतीत एक खिळा मारून द्याल? माझा आरसा टांगायचाय."

"एक कशाला, दोन मारतो," काका म्हणाले, आणि छत्रीही न उघडता हातोडा आणायला लंगडत अंगणातून निघाले.