आपाचं इंग्रजी नाव

राधानगरीच्या धरणाचं काम नुकतंच निघालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. कोल्हापुरात गावाबाहेरच्या एका बंगल्यात एक गोरा साहेब आणि त्याची मडम राहायची. माझे अब्बा शिंपी. महाराजांच्या पागेतल्या लोकांचे कपडे शिवायचे, तसे मडमचेही. बाईमाणसाची मापं घ्यायला बाईमाणूस हवं म्हणून ते माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, बरोबर नेत. आपाचा हात असा, की कशिद्याची उलटी बाजू कुठली नि सुलटी कुठली ते कळू नये. मडमला ती इतकी आवडली, की मापं झाली तरी ठेवून घेई. दोघी व्हरांड्यात शिवत बसत. मडम आपाकडून मराठी उचलायची, आपा तिच्याकडून इंग्रजी.

आपाचं नाव मरियम. मडम तिला पॉली म्हणू लागली.

घरात आम्हाला त्याची गंमत. अम्मासुद्धा चुलीपासून हाक मारायची, पॉले, पाणी आण. आपा लाजायची, पण ओ द्यायची. मडमची गाडी तिला न्यायला यायची त्या दिवशी तर ती सकाळपासून वेणी घालून तयार असे.

एकदा दुकानात कचेरीतले एक कारकून कोट शिवायला आले. इंग्रजी शिकलेले. अब्बांनी मोठ्या कौतुकानं त्यांना विचारलं, पॉली म्हणजे काय हो? साहेब लोक पिंजऱ्यातल्या पोपटाला पॉली म्हणतात, ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्यांच्या मनातही वाईट नव्हतं. कोटाची बाही जरा आखूड ठेवा, असं सांगून ते निघून गेले.

अब्बा घरी येऊन जेवले. हात धुतल्यावर अम्माला म्हणाले, "आमची पोरगी कुणाचा पोपट न्हाई. उद्यापासनं बंगल्यावर जायाचं न्हाई."

 आपा उष्टी ताटं उचलून घासायला घेऊन गेली.

काही दिवसांनी मडम स्वतःच टांग्यातून आमच्या गल्लीत आली. शेजारपाजारचे दारात जमले. अब्बांनी उंबऱ्यावरूनच सांगितलं, पोरगी आजोळी गेलीय. आपा आतल्या खोलीत होती, मी तिच्या शेजारी. मडमनं मोडक्या मराठीत विचारलं, "पॉली बरी हाय?" हे 'हाय' तिला आपानंच शिकवलेलं. अब्बा व्हय म्हणाले. टांगा वळून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबाची बदली झाली. आपाला कागलला दिली. पॉली हा शब्द घरात परत कुणी काढला नाही.

अम्मानं हट्ट धरला म्हणून मी पुढं दवाखान्यात सुईणीचं काम शिकले. तिथं एक गोरी नर्स होती. कागदावर मेरी, पण तिची मैत्रीण तिला पॉली म्हणायची. मी धीर करून विचारलं, तुम्हाला पोपटाचं नाव कसं? ती खूप हसली. मग तिनं सांगितलं, मेरीचं लाडानं मॉली होतं आणि मॉलीचं पॉली. ते घरच्यांनी, जिवाभावाच्या माणसांनी म्हणायचं. परका माणूस मेरीच म्हणणार. पोपटाला ते नाव मागनं मिळालं, तेही लाडानंच. आणि मेरी म्हणजे आमच्यातली मरियम, हजरत ईसांची, म्हणजे येशूची, आई. मडमनं आपाला तिच्याच नावानं हाक मारली होती, घरच्यासारखी.

मी तडक अब्बांकडे गेले. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, म्हणून सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. "माणूस तर शिकलेला होता की," एवढंच ते म्हणाले. नंतर बराच वेळ त्यांना सुईत दोरा ओवता येईना.

ईदला कागलला गेले तेव्हा आपाला सांगितलं. ती लेकाला भरवत होती.

"मला ठाव होतं," ती म्हणाली. "मडमनं पयल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग तवा बोलली का न्हाईस?"

"मला कुणी इचारलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. लेकाचं तोंड पुसत ती म्हणाली, "तिला वाटलं आसंल, मीच जायाचं टाकलं."

परत आल्यावर मी त्या नर्सला विचारलं, मडमचा ठावठिकाणा कसा काढावा. तिनं साहेबाचं नाव विचारलं. ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आपालाही नाही. आम्ही त्यांना साहेब आणि मडमच म्हणत आलो होतो.